खाटेचं बटण

माल्कम टेबटने ड्रायव्हर पुरवणाऱ्या एजन्सीत नाव घातलं ते सोयीसाठी. एजन्सीच्या दारावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, हवं तेव्हा काम करा, नको तेव्हा घरी राहा. कुणाला हवं तेव्हा, हे काही लिहिलेलं नव्हतं आणि माल्कमनेही विचारलं नव्हतं. तेव्हा त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. केटरिंग गावातल्या ज्या कारखान्याची लॉरी त्याने उभं आयुष्य चालवली, त्या कारखान्याने गाड्या विकून टाकल्या होत्या, आणि पाठोपाठ त्याच्या बायकोचं, लिनेटचं, अर्धं अंग एका रात्रीत लुळं पडलं होतं. मोठी ट्रेलरची लॉरी चालवायचा परवाना खिशात होता, वय अठ्ठावन्न होतं. तीन दिवस गाडी चालवू, चार दिवस लिनेटजवळ बसू, असा त्याने हिशेब केला. माणूस अडचणीत असला की त्याला बेरीज फार सुंदर येते.

प्रत्यक्षात काम कधी येईल ते फोन ठरवायचा. एजन्सीची कर्स्टी नावाची मुलगी संध्याकाळी फोन करायची आणि बापाच्या वयाच्या या माणसाला 'राजा' म्हणायची. सगळ्याच ड्रायव्हरांना ती राजा म्हणत असे, त्यामुळे त्या एजन्सीत राजे पुष्कळ होते आणि राज्य कुणाचंच नव्हतं. नाही म्हणायची मुभा होती. माल्कमने एकदा ती वापरून पाहिली. कर्स्टी म्हणाली, काही हरकत नाही राजा, आणि त्यानंतर दोन आठवडे फोन मुकाच झाला. एजन्सीत कुणी कुणावर रागावत नाही. रागवायचं म्हटलं तर आधी माणूस लक्षात राहावा लागतो.

तेव्हापासून माल्कम नाही म्हणाला नाही. पहाटे निघायचा, परत कधी येणार ते त्याला माहीत नसायचं, कर्स्टीला माहीत नसायचं आणि ज्याचा माल न्यायचा त्याला तर पर्वाच नसायची. लिनेटकडे नगरपालिकेने लावून दिलेली मदतनीस बाई दुपारी तीनपर्यंत असे. ती गेली की लिनेट खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राही. एका हाताने तिला किटलीही उचलता येत नसे. पहिल्या पहिल्यांदा ती सकाळीच विचारायची, आज किती वाजता येशील? तो म्हणायचा, सांगता येत नाही गं. मग तिने विचारणं सोडलं. तिने विचारणं सोडलं याचं त्याला फार वाईट वाटे, विचारत होती तेव्हापेक्षाही जास्त.

आणि अशात ओल्डरशॉ भेटले. गेडिंग्टनच्या पुढे त्यांची जनावरांच्या खाद्याची गिरणी होती आणि स्वतःच्या चार लॉऱ्या होत्या. एजन्सीने माल्कमला एकदा तिथे गव्हाचा कोंडा घेऊन पाठवलं होतं. गिरणीचं आवार अरुंद होतं, एका बाजूला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला जुनी दगडी भिंत. माल्कम गाडी मागे घेण्याआधी खाली उतरला, चालत मागे जाऊन जागा बघून आला आणि मग एका दमात ट्रेलर आत घातला. ओल्डरशॉ चहाचा मग घेऊन दारात उभे होते. महिनाभराने त्यांनी नाव शोधून काढून माल्कमच्या घरी फोन केला. त्यांचा एक ड्रायव्हर निवृत्त होत होता. पहाटे पाचला गाडी काढायची, शेतांवर खाद्य पोचवायचं, दुपारी दोनला काम संपलं. रोजची तीच गाडी, रोजचं तेच घर.

"गुरुवारी तीनला या," ते म्हणाले. "मी शेजारी बसतो, कॉर्बीपर्यंत जाऊन येऊ. गाडी तुम्हाला येते ते मी पाहिलंय. पण एक सांगून ठेवतो, गाडी चालवायचे कायद्याचे तास मोडणारा माणूस मला चालत नाही. लॉऱ्यांवर माझं नाव आहे. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाचं तासांचं कार्ड बघतो."

माल्कम म्हणाला, बघा की. एवढ्या वर्षांत त्याच्या कार्डावर एक डाग नव्हता. ही गोष्ट त्याने लिनेटला सांगितली तेव्हा तिचा चेहरा एका बाजूने उजळला, दुसरी बाजू उजळत नव्हतीच. गुरुवारपर्यंतचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. कपाटातली त्याची इस्त्रीची निळी टाय तिने मदतनीस बाईकडून काढून घेतली. ड्रायव्हरच्या नोकरीला टाय कशाला, असं तो म्हणाला, पण गुरुवारी पहाटे स्वतःच्या मोटारीच्या कप्प्यात घडी घालून ठेवली.

कारण गुरुवारीही काम आलंच. बुधवारी संध्याकाळी कर्स्टी म्हणाली, "राजा, फक्त फेलिक्सस्टोचं बंदर. रिकामा ट्रेलर टाकायचा, भरलेला घ्यायचा, सरळ यार्डात. बारापर्यंत घरी. नाही म्हणू नकोस हं, माझ्याकडे कुणीच नाही."

माल्कमच्या ओठांवर नाही आलं होतं. पण गिरणीचं काम अजून हातात नव्हतं. ते नाहीच मिळालं तर? पुन्हा फोन मुका होणार. बारापर्यंत म्हणजे तीनला अवकाश आहे, असं त्याने स्वतःला समजावलं आणि हो म्हणाला.

बंदरावरून भरलेला ट्रेलर घेऊन तो परतीच्या रस्त्याला लागतो न लागतो तोच यार्डातून फोन आला. यार्ड म्हणजे ज्या कंपनीला एजन्सीने माल्कम भाड्याने दिला होता ती. वाटेतच आहेस तर ट्रेलर डॅव्हेंट्रीच्या गोदामात रिकामा करून ये. डॅव्हेंट्री वाटेत नव्हतं, यार्ड मागे टाकून पुढे जायचं होतं. पण नकाशा त्यांचा, वाटही त्यांचीच. माल्कमने तीनचं सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "अरे, अर्ध्या तासाचं काम आहे."

त्या गोदामाचा एक नियम आहे, तो सगळ्याच मोठ्या गोदामांचा असतो. गाडी धक्क्याला लावली की चाव्या खिडकीत द्यायच्या. पूर्वी कुठेतरी फोर्कलिफ्ट ट्रेलरमध्ये असताना ड्रायव्हरने गाडी पुढे काढली होती म्हणे. त्यामुळे आता चाव्या आत जातात, ड्रायव्हर एका खोलीत जातो, आणि माल उतरेपर्यंत दोघांची भेट होत नाही. माल्कम साडेअकराला पोचला. घाईघाईत गाडी लावली, इंजिन बंद केलं, चाव्या काढल्या आणि खिडकीतल्या बाईला दिल्या. तिने त्या फळीवरच्या खिळ्याला अडकवल्या. काचेपलीकडे हाताच्या अंतरावर त्या लटकत होत्या, आणि वर सात भाषांत पाटी होती की किती वेळ लागेल हे विचारू नये.

खोलीत डोरिन बसला होता. डोरिन रोमानियाचा, तोही एजन्सीचाच, आणि दोघांची गाठ अशाच खोल्यांतून पडत असे. त्याने पावाला चरबीचा तुकडा लावून माल्कमपुढे धरला.

"किती वेळ झाला तुला?" माल्कमने विचारलं.

"आलो तेव्हा मला दाढी नव्हती, म्हाताऱ्या," डोरिन म्हणाला.

माल्कम हसला. पहिला तास तो हसू शकत होता. मग कळलं की त्याच्या मालाच्या थप्प्या बोटभर उंच भरल्यात, त्या गोदामाच्या मापात बसत नाहीत, त्या सोडून पुन्हा रचाव्या लागणार. मग आतल्या लोकांची पाळी बदलली. जुने निघून गेले, नवे येऊन चहा पीत बसले. माल्कमने खिडकीत जाऊन विचारलं. बाईने मान वर न करता बोट पाटीकडे केलं. तो म्हणाला, माझी तीनला नोकरीची भेट आहे हो. तेव्हा तिने मान वर केली आणि म्हणाली, "भाऊ, इथे प्रत्येकाची कुठेतरी भेट असतेच." तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. ती खरंच सांगत होती.

निघून जावं का, असंही त्याच्या मनात आलं. दार उघडंच होतं, कुणी अडवलं नसतं. पण गाडी धक्क्यावर टाकून गेलेला ड्रायव्हर ही गोष्ट संध्याकाळच्या आत सगळ्या जिल्ह्यात होते, आणि ओल्डरशॉंच्या कानावर तर सगळ्यात आधी जाईल. तो परत बसला. भिंतीवरच्या टीव्हीत आवाज नसलेली माणसं स्वयंपाक करत होती. माल्कमला त्या खोलीची एवढी चीड आली की त्याला श्वास पुरेना. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखं बाकावर बसवून ठेवलंय, आणि ज्याच्यावर चिडावं असा एकही माणूस समोर नाही.

गिरणीचं सगळं त्याने डोरिनला सांगून झालं होतं. "या ओल्डरशॉला फोन कर की," डोरिन म्हणाला. "सांग, उशीर होतोय."

माल्कमने फोन हातात घेतला. नंबर काढला. आणि त्याला मागच्या वर्षीची गोष्ट आठवली. कर्स्टीने एका ठिकाणी पाठवलं होतं, रस्त्यात अपघात होता, त्याने इमानदारीने फोन करून सांगितलं की अर्धा तास लागेल. काळजी नको राजा, ती म्हणाली. तो पोचला तेव्हा त्याच्या गाडीत दुसराच ड्रायव्हर बसून काच पुसत होता.

"उशीर होतोय म्हणून सांगायचं नसतं," तो डोरिनला म्हणाला. "सांगितलं की दुसऱ्याला बोलावतात."

डोरिनने यावर वाद घातला नाही. तोही एजन्सीचाच होता.

दोन वाजायला आले तेव्हा खिडकीतून त्याचं नाव पुकारलं. त्याने चाव्या जवळजवळ ओढूनच घेतल्या. यार्ड पाऊण तासावर, तिथून स्वतःच्या मोटारीने गिरणी पंधरा मिनिटांवर. जमत होतं. अगदी काठावर, पण जमत होतं. तो वर चढला, चावी फिरवली आणि तास मोजणाऱ्या यंत्राकडे नजर टाकली.

यंत्रावर दोन आडव्या हातोड्या दिसत होत्या.

हे यंत्र प्रत्येक लॉरीत असतं आणि ड्रायव्हरचं कार्ड त्यात दिवसभर असतं. चाक फिरलं की ते चालवणं धरतं. गाडी थांबली की हातोड्या येतात, म्हणजे माणूस दुसरं काही काम करतोय. विश्रांती घ्यायची तर बटण दाबून खाटेचं चित्र आणावं लागतं. साडेचार तास चालवलं की पाऊण तास खाट दिसलीच पाहिजे, नाहीतर पुढे चालवायचं नाही. काही लॉऱ्यांत अशी सोय असते की चावी काढली की खाट आपोआप येते. काल माल्कमला दिलेली लॉरी तशी होती, परवाचीही होती. आजची नव्हती. घरच्या गाडीला माणूस ओळखतो. एजन्सीच्या माणसाला रोज नवी गाडी. एवढी वर्षं कधी न चुकलेलं बटण गेल्या दोन दिवसांच्या सवयीने आज चुकलं होतं. अडीच तास तो त्या बाकावर हात बांधून बसला होता आणि यंत्राच्या लेखी अडीच तास राबत होता. पहाटे बंदरावर जाणं आणि तिथून इथवर येणं धरलं तर आता त्याच्याकडे जेमतेम पाव तास उरला होता.

माल्कमने बटण दाबलं. खाट आली. आता पाऊण तास ती तशीच ठेवायची, मग निघायचं. चाव्या त्याच्याकडे होत्या, फाटक उघडं होतं, रस्ता मोकळा होता, आणि त्याला हलता येत नव्हतं. मघाशी निदान दुसऱ्याने कोंडलं होतं. आता स्वतःच्याच बोटाने कोंडून घेतलं होतं, आणि ते त्याला जास्त झोंबलं. तो स्वतःला मोठमोठ्याने शिव्या देत राहिला.

मग विचार करायला लागला. थांबलो तर पावणेचार होतील. तोवर गिरणीचं काम गेलंच. उशीर झाला की काम जातं, हे त्याला स्वतःच्या नावाएवढं पक्कं ठाऊक होतं. आणि निघालो तर? अर्धा तास जास्त चालवलं जाईल. कार्डावर उमटेल. पण मी खरंच बसून होतो, डोरिन साक्षीला आहे, समजावून सांगता येईल. माणूस समोर उभा असला तर काहीतरी समजावता येतं, माणूस पोचलाच नाही तर काय समजावणार? लिनेट खिडकीशी बसली असेल. आज तरी ती विचारेल.

त्याने गाडी बाहेर काढली.

रस्त्यात यंत्र दोनदा किरकिरलं. त्याने तिकडे पाहिलं नाही. थकवा नव्हता, डोळे टक्क उघडे होते, एवढी सावध गाडी त्याने वर्षात चालवली नसेल. तरी पाठीवरून घाम ओघळत होता. यार्डात ट्रेलर लावला, कार्ड काढून घेतलं, मोटारीत बसला, आरशात बघून टाय बांधली. गिरणीच्या आवारात शिरला तेव्हा तीनला दोन मिनिटं कमी होती.

ओल्डरशॉ अंगात कोट घालून तयारच उभे होते. त्यांनी टायकडे पाहिलं आणि मिशीत हसले. बायकोची चौकशी केली. लॉरी धुऊन ठेवली होती, हिरवी, दारावर पांढऱ्या अक्षरांत त्यांचं आडनाव. माल्कमने तिच्या पायरीवर हात ठेवला आणि त्याला क्षणभर वाटलं की झालं, सुटलो.

"आधी कार्ड," ओल्डरशॉ म्हणाले. "आजचे तास शिल्लक आहेत ना, एवढंच बघतो."

कचेरीत त्यांनी कार्ड टेबलावरच्या, संगणकाला जोडलेल्या डबीत घातलं आणि चष्मा लावून पडद्याकडे बघत राहिले. माल्कमने वाट पाहिली नाही. आपण होऊन सगळं सांगितलं: गोदाम, चाव्या, बाक, हातोड्या, खाट. एक शब्द खोटा नव्हता. ओल्डरशॉंनी मध्ये तोडलं नाही.

"तुम्ही बसून होतात, यावर माझा विश्वास आहे," ते शेवटी म्हणाले. "बटण कुणाचंही चुकतं. माझंही चुकलंय. पण गाडीत चढलात तेव्हा तुम्हाला ते दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"आणि तरी निघालात."

"तीनला यायचं होतं, साहेब."

ओल्डरशॉंनी चष्मा काढला. त्यांना राग आला नव्हता; राग आला असता तर माल्कमला सोपं गेलं असतं.

"माझ्याकडे यायला म्हणून तास मोडलेत. उद्या घरी जायला मोडाल. तुमच्या जागी मी असतो तर मीही मोडले असते, म्हणून तर भीती वाटते मला." मग डबीतून कार्ड काढत म्हणाले, "फोन का नाही केलात? मी सहापर्यंत इथेच असतो. थांबलो असतो की."

थांबलो असतो. हे शब्द माल्कमला कळायलाच वेळ लागला. सांगायचं तर काय सांगायचं? की तुम्ही थांबाल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही म्हणून? त्याने कार्ड घेतलं, माफ करा म्हणाला. ओल्डरशॉंनी चहा घेऊन जा म्हटलं, पण त्याला तिथे आणखी उभं राहवेना.

मोटारीत बसला तर कर्स्टीचा निरोप येऊन पडला होता. उद्या पहाटे चार, पुन्हा बंदर, जमेल ना राजा? त्याने इंजिन सुरू करायच्या आधी हो म्हणून कळवून टाकलं.

घरी पोचला तेव्हा चारही वाजले नव्हते. मदतनीस बाई नुकतीच गेली असावी. लिनेटने त्याला खिडकीतून पाहिलं, उन्हात, टाय लावलेला, आणि तो दार उघडून आत येईपर्यंत तिचा चेहरा अर्धा हसून झाला होता. या वेळी तो घरी येतो म्हणजे काम मिळालंच, असं तिने धरलं. कुणीही धरलं असतं.

"मिळालं ना?" ती म्हणाली. तिचे शब्द अलीकडे सावकाश यायचे.

त्याने नकारार्थी मान हलवली आणि तिच्यासमोर स्टुलावर बसून सगळं सांगितलं. गोदामातली खोली सांगितली, हातोड्या सांगितल्या, आपण निघालो तेही सांगितलं. आवाज ताब्यात राहील असं त्याला वाटलं होतं, तो राहिला नाही. शेवटी म्हणाला, "ते म्हणाले, थांबलो असतो. नुसता फोन करायचा होता गं. मला सुचलंच नाही की कुणी थांबतं."

लिनेटने चालता हात पुढे करून त्याच्या टायची गाठ सैल केली. एका हाताने ते तिला जमायला वेळ लागला.

"मी तर रोज थांबते, माल्कम," ती म्हणाली. "मला कधी फोन केलास?"